गरम नळाचं तांबडं पाणी

४ मार्च, बुधवार

पुन्हा तांबडं! गार नळ सोडला तर स्वच्छ, गरम सोडला की चहाच्या रंगाचं. पहिली बादली तशी, दुसरी फिकट, तिसरी चांगली. घर बांधून जेमतेम दोन वर्षं झालीत! हिचे दवाखान्यातले पांढरे कपडे पिवळट पडले. तिथल्या मुख्य सिस्टरनं विचारलं म्हणे, "घरात साबण संपलाय का गं?" ही हसली नाही.

माझ्या डोक्यात एकच माणूस आहे, आणि त्याचं नाव घरात काढायची सोय नाही. सगळे नळ, सगळे पाइप सासऱ्यांनी बसवलेत. चाळीस वर्षं प्लंबिंग केलं, आमचं घर झालं त्याच वर्षी थांबले. हात थरथरला असेल, डोळ्यांनी दगा दिला असेल. इथे लिहितो. बोलणार मुळीच नाही.

५ मार्च

गिझर कंपनीचा माणूस येऊन गेला. ही ड्यूटीवर होती म्हणूनच बोलावला. पाच मिनिटं! नळ उघडला, बंद केला, कलिंगड बघावं तशा टाइल्स टकटक वाजवल्या. "सगळी लाइन बदला साहेब. भिंत फोडावी लागेल."

त्याचं कार्ड मी ओट्यावरच विसरलो. शहाणा माणूस!

"बाबांना न विचारता?" ते कार्ड हातात धरून ही एवढंच म्हणाली.

७ मार्च, शनिवार

सासरे आले. वाटलं, पाना काढून तुटून पडतील. कसलं काय! पिशवीतून चार काचेच्या बाटल्या निघाल्या, घासूनपुसून आणलेल्या. प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवली, पेन्सिलीनं आकडा घातला.

"जावईबापू, सकाळी मी येईपर्यंत गरम नळाला कुणी हात लावायचा नाही."

आणि चपला घालायला लागले!

"एवढ्यासाठी आलात?"

"पाण्याला बसू द्यावं लागतं. घाईत ते खरं बोलत नाही."

चिडलो होतो. तरी हे लिहून ठेवावंसं वाटलं.

८ मार्च, रविवार

सहाला हजर. पहिली बाटली स्वयंपाकघरातल्या गरम नळाची, दुसरी न्हाणीघरातल्या. तिसरी न्हाणीघरातलीच, पण तीन बादल्या सोडून दिल्यावर. चौथी थेट गिझरच्या टाकीतून, खालच्या तोटीनं काढलेली. चारही खिडकीत मांडल्या आणि महाशय पेपर वाचत बसले. तासभर! मी येरझाऱ्या घालतोय, त्यांचं कोडं सोडवून झालं.

मग मला बोलावलं. पहिल्या दोन तांबड्या, तळाशी गाळ. तिसरी आणि चौथी स्वच्छ.

"टाकी सडली असती तर चौथी तांबडी दिसली असती. भिंतीतला पाइप तांब्याचा. तो खराब झाला तर हिरवट येतं, असं तांबडं नाही. आणि दोन्ही नळांना सारखंच, म्हणजे दोन फाटे फुटायच्या आधीच कुठंतरी. टाकीनंतर आणि फाट्याआधी किती जागा उरली?"

वीतभर! भिंतीच्या बाहेर, डोळ्यांसमोर. मी वीस वर्षं आठवीला गंज शिकवतोय. व्याख्या, समीकरण, आकृती, सगळं. चौथी शिकलेल्या माणसानं मला माझाच धडा समजावून सांगितला, आणि तो मला आवडला!

गिझर बंद केला, पाणी बंद केलं, टाकी आणि पाइप जोडणारं निपल काढलं. आट्यांचा बोटभर तुकडा. आतून गंजानं इतका भरलेला की शेंगदाणा आरपार जाणार नाही.

"लोखंडी," म्हणाले.

ही दारात उभी होती. खोटं कशाला लिहू, मी वाट बघत होतो. आता दुकानदारावर ढकलतील, कंपनीवर ढकलतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माझ्याच हातचं आहे. तांब्याला लोखंड जोडायचं नसतं. गरम पाण्यात लोखंड खाल्लं जातं. उमेदवारीत पहिल्या वर्षी शिकवलं होतं मला. चूक माझी."

काय माणूस आहे! माझी गुणांची बेरीज चुकली तर मी पोरांवरच डाफरतो.

पितळी निपल बसवलं. पाणी सुरेख आलं. पण त्यांचा चेहरा उतरलेलाच. निघताना म्हणाले, "त्या वर्षी आणखी नऊ घरं केलीत मी."

९ मार्च

सासरे फोन उचलत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "पिशवीत पितळी निपलं भरून सकाळीच गेलेत. खाल्लं नाही काही."

ही रडकुंडीला आली. "चाळीस वर्षांत कमावलेलं नाव! आता स्वतःच दारोदार जाऊन पुसणार."

१० मार्च

रजा टाकली, सासऱ्यांबरोबर निघालो. पिशवी मी घेतली. नको नको म्हणाले, पण दिली.

काल तीन घरं झाली होती, आज तीन. प्रत्येक दारात तेच वाक्य. "माझ्या हातून चूक झाली असेल. बघायला आलोय." लोहचुंबक निपलला लावायचा. चिकटला नाही की पितळ. सहाही पितळीच!

एक बाई म्हणाल्या, "अहो काका, आमचं पाणी तर स्वच्छ आहे."

"तरी बघू द्या."

"तुम्ही बसवलंय म्हटल्यावर बघायचं काय त्यात?"

मला भरून आलं. ते मात्र हसले नाहीत, गुडघे धरत स्टुलावर चढले. लग्नाला तेरा वर्षं झाली. या माणसाला मी 'पाइपवाले' म्हणून मित्रांत हसायचो. लाज वाटली.

११ मार्च

नऊच्या नऊ पितळी! शेवटच्या घरी दोन वर्षांचं मूल अंगणात खेळत होतं. त्याला बघून सासरे थबकले. त्यांना आठवलं. तेव्हा हे आठ दिवसांचं होतं, त्याला गरम पाणी हवं होतं, पितळी निपल एक कमी पडलं, दुकान बंद. आमच्या घरात अजून कुणी राहत नव्हतं. आमचं पितळी काढून इथे आणलं, आमच्यात पिशवीतलं लोखंडी अडकवलं. आठवड्याभरात बदलू, घरचंच तर आहे. मग राहूनच गेलं.

घरी आले ते बसले नाहीत. हिच्यासमोर उभे राहिले. "पोरी, लोकांना पितळ दिलं आणि तुला लोखंड."

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मग? मी काय परकी आहे?"