नाक्यावरचं ओलं जाळं

बुधवार, १४ जानेवारी

ती. प्रीतमदादास,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

१. परवा, सोमवारी पहाटे, शहरात शिरणाऱ्या खाडीपुलाच्या नाक्यावर मासळीचे टेम्पो आडवे लावून रस्ता अडवला गेला. मागणी एकच: जुन्या डिझेल गाड्यांकडून शहरात शिरताना घेतली जाणारी धूरपट्टी रद्द करा.

२. त्या गोंधळात कुणीतरी खांबावर चढून हवा मोजणाऱ्या यंत्रावर जाळं टाकलं आणि दोरीने आवळलं.

३. दुपारी पोलिसांनी रस्ता मोकळा केला. यंत्राची देखभाल माझ्याकडे आहे, म्हणून जाळं मी उतरवलं.

४. जाळं एका कोपऱ्यात फाटून पिवळ्या दोऱ्याने सांधलेलं आहे.

५. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पांढऱ्या जाळ्याला पिवळा दोरा थळमध्ये आपली आईच लावते, कारण पांढऱ्यावर पांढरा तिला दिसत नाही. त्यामुळे तू होतास का, हे मी विचारत नाही. का चढलास एवढंच विचारते.

फोन केला असता. पण गाडी चालवताना तुझा फोन स्पीकरवर असतो आणि शेजारी भिकूकाका असतात. दिवाळीत मी ते पेणचं स्थळ नाकारलं, ते तुला नीट कळायच्या आत त्यांनी बंदरावर सांगून टाकलं होतं. आता तर ते टेम्पो संघटनेचे अध्यक्ष आहेत. म्हणून हे पत्र केसरमावशीच्या हाती देते आहे. ती मासळी विकून दुपारच्या लाँचने परत निघते. कागदाला वास आला तर तो माझा दोष नाही.

पट्टीबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. ती लागली हे योग्यच झालं. नाक्याला लागून शाळा आहे आणि हिवाळ्यात तिथले मास्तर खिडक्या उघडू देत नाहीत. मात्र लोकांचं वागणं पाहण्यासारखं आहे. आमच्या इमारतीत मला लिफ्टमध्ये थांबवून शाबासकी देतात. ज्यांच्या स्वतःच्या गाड्या जुन्या आहेत, ते हल्ली जिन्याने जातात.

जाळं आमच्या कार्यालयाच्या कोठीत आहे. पोलिसांनी अजून मागितलेलं नाही, पण मागतील. सरकारी यंत्राला हात लावल्याचा गुन्हा नोंदला गेला तर तुझा परवाना जाईल. मला खरं काय ते लिही.

आईला नमस्कार.

तुझी,
किशोरी


थळ, शनिवार, १७ जानेवारी

चि. किशोरीबायस,
अ. उ. आ.

पंचनामा पोचला. संक्रांतीचा तिळगूळ तेवढा त्यात सापडला न्हाय. साक्षी म्हणाली की नणंदबाईंनी गूळसुद्धा मोजून दिला असता.

व्हय, मीच चढलो. बाकीच्यांची पोटं बघितलीस तर दुसरं कोण चढणार होतं ते तुला कळेल. भिकूकाका खालून सांगत होते की यंत्राचं नाक बांध. नाक बांधलं की आकडा न्हाय, आकडा न्हाय तर पट्टी कशाच्या जोरावर घेतील? मला पटलं. बर्फाच्या पेट्यांवर आपण ओलं जाळं आणि ओलं पोतं घालतो, वारा आत शिरत न्हाय, माल टिकतो. तसंच केलं. होडीवरून त्याच रात्री आलेलं जाळं होतं, नुसतं पाणी गळत होतं त्यातून. मोडलं तोडलं काय न्हाय. तुझं यंत्र हाय हे मला खरंच ठाऊक न्हवतं. तू मागे सांगितलं होतंस की तुझी यंत्रं शहराच्या त्या टोकाला हायत.

आता तू म्हणशील की शाळेतली पोरं. पोरं मलापण दिसतात. पण माझं ऐक. शनिवार आला की शहरातल्या गाड्या नागावला समुद्र बघायला येतात. आपल्या वेशीपासून नागावपर्यंत रांग लागते, गाडी बंद कर म्हटलं तर काचेआडून हात हलवतात, आत गार हवा चालू पाहिजे ना. त्यांना कुणी पट्टी लावली काय? त्यांचा धूर फिरायला आलेला पाहुणा, आणि आमचा धूर गुन्हेगार. नवी गाडी घ्यावी असं मलाही वाटतं. पण बँकवाला म्हणतो की होडीवरचं कर्ज आधी फेड. तोवर मासळी काय डोक्यावरून नेऊ? केसरमावशीसारखी?

तू एक कर. ते जाळं गुपचूप जाळून टाक. यंत्र तेवढा वेळ बंद होतं असं लिहून टाक. तुझ्या हातात हाय ते. तुझ्या भावाचं एवढं काम कर, पुढच्या वेळी पापलेट तुझं.

आईची तब्येत बरी हाय. तिला यातलं काय माहीत न्हाय, माहीत करू पण नकोस.

माया पातळ होऊ देऊ नको.

दादा


बुधवार, २१ जानेवारी

ती. दादास,
सा. न.

खरं लिहिलंस, ते बरं केलंस. आता माझ्याकडचं ऐक. ते तुला आवडणार नाही.

यंत्र बंद पडलं नव्हतं. ते हवा आत ओढतं आणि तिच्यातले बारीक कण मोजतं. कण धुराचे आहेत की मिठाचे, हे त्याला कळत नाही. तू समुद्राच्या पाण्याने निथळणारं जाळं थेट त्याच्या नळीवर बांधलंस. ऊन चढलं, वारा सुटला, जाळं सुकलं, मीठ सुटं होऊन आत जात राहिलं. नाक बांधायला गेलास आणि त्याला मीठ हुंगवलंस. त्या सकाळी या यंत्राने वर्षातला सगळ्यात मोठा आकडा दाखवला.

तो आकडा नाक्यावरच्या फलकावर लागला, मग वर्तमानपत्रात गेला. आता पालिकेत असं ठरतं आहे की मासळीच्या टेम्पोंना नुसती पट्टी पुरणार नाही, पहाटेपासून दुपारपर्यंत त्यांना शहरात येऊच देऊ नये. दुपारनंतर मासळी कोण घेतं ते तुला सांगायला नको. शनिवारी, ३१ तारखेला त्यावर जाहीर सुनावणी आहे. आमच्या इमारतीतले लोक बंदीच्या बाजूने बोलायला गाडी करून जाणार आहेत. गाडी कुणाची, यावरून दोन दिवस वाद चालू आहे, कारण जी एक मोठी गाडी आहे तीही डिझेलचीच आहे.

मी वरिष्ठांना सांगितलं की हा आकडा संशयास्पद आहे, नळीवर जाळं होतं. ते म्हणाले की जाळ्याने आकडा कमी यायला हवा, वाढला कसा? मी मिठाचं सांगितलं. त्यांनी विचारलं की जाळं ओलं होतं कशावरून. मी उतरवलं तेव्हा ते कोरडं होतं. मासेमारीच्या जाळ्यात मीठ असतंच. बांधताना ते ओलं होतं की नाही, हे जाळं सांगत नाही. शिवाय ते म्हणतात की आंदोलकांनी टेम्पोंची इंजिनं चालू ठेवली होती, त्याचाच हा आकडा आहे. ठेवली होती का?

जाळं मी जाळणार नाही. यंत्र बंद होतं असंही लिहिणार नाही. ते खोटं आहे. पापलेट आईला करून घाल.

तुझी,
किशोरी


थळ, शनिवार, २४ जानेवारी

प्रिय किशोरीस,
तुझ्या वहिनीचे अ. आ.

हे पत्र साक्षीचं आहे, ह्यांचं नाही. ह्यांनी तुझं पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि होडीचा रंग खरवडायला गेले. होडीला रंग दिवाळीतच दिला होता. मी पत्र खिशातून काढून वाचलं. राग मानू नकोस.

इंजिनाचं तू विचारलं आहेस. मी त्या दिवशी ह्यांच्याबरोबर होते, सगळ्यांच्या जेवणाच्या डब्यांचं मीच बघत होते. सगळ्यांनी इंजिनं बंद ठेवली होती. आपली माणसं उभ्या गाडीत डिझेल जाळतील का? त्या वरच्या साहेबांना एकदा आमच्याबरोबर पंपावर पाठव.

पण मला दुसरंच लिहायचं आहे. काल रात्री देवळापुढे बैठक झाली. वर्तमानपत्रातला तो आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. भिकूकाका उठले आणि म्हणाले की आम्ही यंत्राचं नाक बांधलं होतं, तरी आकडा वाढला, म्हणजे आकडा यंत्राने दिलाच नाही, कुणीतरी हाताने लिहिला. मग म्हणाले की त्या कार्यालयात आपल्याच गावची एक पोर बसते, तिला बढती हवी असेल. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळे आईंकडे बघत होते.

आई उभ्या राहिल्या. त्यांनी भिकूकाकांना विचारलं की तुझ्या पोराला दहावीची गणितं माझ्या किशोरीने शिकवली, तेव्हा तिचे आकडे बरोबर होते काय? लोक हसले. पण ते हसणं तेवढंच. आज सकाळी बोंबील सुकत घालताना आईंच्या शेजारची जागा रिकामी होती. सोनाबाई रोज तिथे असते. आज तिने आपले बोंबील लांब नेऊन घातले.

आणि हे, तुझे दादा, बैठकीत माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गप्प. मी दोनदा कोपराने ढोसलं. घरी आल्यावर मी विचारलं की बहिणीवर आळ आला तेव्हा तोंड कुठे होतं. ते म्हणाले की बोललो असतो तर आपली चूक आपल्या तोंडाने सांगावी लागली असती, सगळ्या टेम्पोवाल्यांचं नुकसान माझ्या हाताने झालं असं झालं असतं. मग जेवले नाहीत.

ते वाईट नाहीत, हे मी तुला सांगायला नको. घाबरले आहेत. पण मीही घाबरले आहे, आणि आईही. तू काय करणार आहेस ते आम्हाला आधी कळव. अचानक काही ऐकायला लावू नकोस.

आहे ती जवळीक जप.

तुझी वहिनी,
साक्षी


सोमवार, २६ जानेवारी

ती. दादास,
सा. न.

वहिनीचं पत्र मिळालं. तिने तुझ्या खिशात हात घातला म्हणून तिच्यावर रागावू नकोस. बैठकीत काय झालं ते मला कळलं. त्यावर मी काही लिहिणार नाही. आईशेजारची जागा रिकामी राहिली, हे मात्र वाचून पुढचं वाचायला मला वेळ लागला.

काल मी वरिष्ठांकडे गेले, त्यांच्या घरी. त्यांना सांगितलं की ते जाळं माझ्या घरचं आहे, आईच्या हाताने सांधलेलं. कुणी बांधलं ते मी पाहिलेलं नाही, हेही सांगितलं. ते खरं आहे. तुझं पत्र मी त्यांना दाखवलं नाही आणि तुझं नाव घेतलं नाही. त्यांनी विचारलं की घरात कोण कोण आहे. मी म्हटलं की ते मी सांगणार नाही.

ते म्हणाले की हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्यांचं बरोबर आहे. नाक्याचं यंत्र माझ्याकडून काढून घेतलं आहे. चौकशी होईल. सुनावणीत आमच्या कार्यालयातर्फे बोलायला मी जाणार होते, आता दुसरं कुणीतरी जाईल आणि तो आकडा जसा आहे तसा वाचून दाखवेल. मी काही बोलले तर मी घरच्यांना वाचवणारी बहीण ठरेन, आणि तसं ठरवणाऱ्यांना मी दोष देणार नाही.

म्हणजे आता माझ्या हातात काही राहिलेलं नाही. तुझ्या पत्रात तू म्हटलं होतंस की आहे. जाळं समुद्रातून नुकतंच आलं होतं, त्यातून पाणी गळत होतं, इंजिनं बंद होती, हे सांगू शकणारा माणूस ज्याने ते बांधलं तोच. तू हे सांगितलंस तर तो आकडा बाद होईल आणि मोजणी पुन्हा करावी लागेल. पुन्हा मोजल्यावर टेम्पोंच्या बाजूचं येईल असं मी म्हणत नाही. धूर तुमचा आहेच, किती आहे ते कळेल. पट्टी कदाचित राहील. पण बंदी मिठाच्या आकड्यावर येणार नाही.

तुझ्यावर गुन्हा नोंदला जाईल. मी एका वकिलाला विचारलं. यंत्राला इजा झालेली नाही आणि तू आपणहून आलास, तर दंडावर निभावेल असं ती म्हणाली. परवान्याची खात्री तिने दिली नाही, म्हणून मीही देत नाही. गावात काय होईल, ते तू माझ्याहून जास्त ओळखतोस. भिकूकाकांना नाक बांधायची युक्ती आपली होती हे आठवेल असं मला वाटत नाही.

तू नाही आलास तर मी हे पुन्हा कधी काढणार नाही. आईला काही कळणार नाही. दिवाळीला मी नेहमीसारखी येईन, तू मांडव्याच्या धक्क्यावर घ्यायला येशील आणि आपण रस्ताभर मासळीच्या भावावर बोलू. त्यापलीकडे आपल्याला बोलायला काही उरेल का, ते मला सांगता येत नाही.

नागावच्या गाड्यांबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे. तेही तिथे बोल. ते बोलणारं सुनावणीत दुसरं कुणी नसेल. मी लोकांच्या बाकांवर, मागच्या रांगेत बसणार आहे.

बोलणाऱ्यांची नावं शुक्रवारी दुपारपर्यंत नोंदवावी लागतात. तू येणार आहेस की नाही, हो किंवा नाही, गुरुवारी, २९ तारखेला संध्याकाळपर्यंत कळव. या वेळी फोन केलास तरी चालेल, शेजारी कुणीही असो.

किशोरी