कुलूप तुटलं नाही

प्रिय बाईसाहेब,

दाराला वरून एक साधं टाळं लाव, आत असशील तेव्हा कडी घाल, कारण मागाहून कळवतो, हा माझा निरोप तुझ्या ताईने दिला असेलच. त्यावर तू काय बोलली असशील तेही मला इथे बसून ऐकू येतंय. पण ताई म्हणाल्या, लावलंय तिने टाळं, तेव्हा आता सावकाश सांगतो. फोन केला नाही, कारण माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. आणि दुकानाच्या नावाने आलेल्या कुठल्याही मेसेजवर विश्वास ठेवू नका, असं सध्या मीच गावभर सांगत फिरतोय. हाताने लिहिलेलं तरी माझं आहे हे तुला पटेल. इतकं वाईट अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही.

दुकानातला कॉम्प्युटर कुणीतरी फोडला. फोडला म्हणजे तो जागेवरच आहे, त्यावर तू शिवलेलं कापडही तसंच आहे. पण आतली गिऱ्हाइकांची यादी उचलून नेली. तू गेल्यानंतर मी किल्ल्या कापायचं नवं मशीन घेतलं. त्यात किल्लीचा नंबर टाकला की ते आपले आपण दाते पाडतं, मूळ किल्ली लागतच नाही. म्हणून मी प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि किल्लीचा नंबर एकाच ओळीत लिहून ठेवला. किल्ली हरवली की माणसाने फोन करावा आणि दुकानात येईपर्यंत नवी तयार. लोक खूश होते, मी शेफारलो होतो. आणि या सगळ्याचा पासवर्ड काय, तर दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर. कुंडीखाली किल्ली ठेवू नका म्हणून जन्मभर लोकांचं डोकं खाल्लं आणि स्वतःची किल्ली भर रस्त्यावर हातभर आकड्यांत रंगवून ठेवली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हसलीस तर हस, माझी ना नाही.

आधी एक ईमेल आला होता. यादी आमच्याकडे आहे, परत हवी तर पैसे पाठवा, आणि खाली नमुना म्हणून चार-पाच घरांचे पत्ते. एवढ्याशा दुकानात कोण कशाला शिरेल, असा विचार करून मी तो पुसून टाकला आणि कामाला लागलो. मग परवा आपल्या जुन्या गल्लीतल्या नर्सबाईंचं घर उघडलं. किल्ली लावून, अगदी घरच्यासारखं. त्यांच्या बांगड्या गेल्या, यजमानांचं घड्याळ गेलं. मी पोचलो तेव्हा त्या ओट्याशी उभ्या राहून पुसलेलाच ओटा परत पुसत होत्या. मला म्हणाल्या, तुमचं कुलूप मात्र चांगलं हो, तुटलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्या मनापासून म्हणत होत्या.

तेव्हापासून घरोघर जाऊन कुलपं बदलतोय. कुणी शिव्या देतं, कुणी पाणी देतं, मी दोन्ही घेतो. आपला शिंपी दारातच म्हणाला, तुझ्या भरवशावर आम्ही पोरींना घरात एकट्या ठेवून जात होतो रे. मी मान खाली घालून स्क्रू काढत राहिलो. वाईट वाटायला हवं हे कळत होतं, पण वाटलं नाही. जेवतो, पण काय जेवलो ते सांगता येत नाही. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसा मी सगळाच झालोय. याची मला भीती वाटायला हवी, तीही धड वाटत नाही.

पोलिसांनी एका कॉम्प्युटरवालीला पाठवलं. तुझ्यासारखीच, एकदा सुरू झाली की पूर्णविराम नाही. म्हणाली, काका, दुकान लहान आहे म्हणून चोर सोडत नाही, तो जाता जाता सगळ्यांचीच दारं ढकलून बघतो. पासवर्ड लांब आणि दुसऱ्याला न सुचणारा हवा, त्यावर फोनवर येणारा आकडा हवा, आणि नाव-पत्ता व नंबर एका जागी नकोतच. माझंच गिऱ्हाइकांपुढचं भाषण ती मला ऐकवत होती. मी चहा विचारला, तर म्हणाली, आधी पासवर्ड बदला.

आता तुझं कुलूप. नव्या घराला कुलूप बसवायला तू मलाच बोलावलंस. नवरा म्हणून नापास, पण कुलपाच्या कामाला तुझ्याइतका भरवशाचा माणूस नाही, असं म्हणालीस. मी ते मिरवत घरी आलो, घरी मिरवायला कुणी नव्हतं ही गोष्ट वेगळी. तिन्ही किल्ल्या तुझ्या हातावर ठेवल्या. बोलावल्याशिवाय यायचं नाही हे कबूल केलं आणि पाळलं. पण तुझ्या किल्लीचा नंबर यादीत ठेवला. किल्ली कधी कापली नाही, तुझी शपथ. कापता येईल, एवढंच मला पुरत होतं. फारच एकटं वाटलं की ती ओळ उघडून बघायचो आणि वाटायचं, दार अगदीच बंद झालेलं नाही. परवा नर्सबाईंच्या दारात उभा राहिलो तेव्हा कळलं, त्या चोराच्या हाती जे लागलंय तेच माझ्याजवळ होतं. तू बोलावलेलं नसताना तुझं दार उघडायची सोय. एवढं एक मात्र मनाला लागलं, बधिर असूनही. म्हणून हे कुलूप बदलायला मी येणार नाही. पुलापलीकडच्या त्या जाड्या कुलूपवाल्याला बोलाव. त्याला मी आयुष्यभर नावं ठेवली, पण हात चांगला आहे त्याचा. सगळ्या किल्ल्या त्याच्याकडून मोजून घे, किल्लीचा नंबर कोरलेली पट्टी मागून घे आणि त्याला नंबर कुठे लिहून ठेवू देऊ नकोस. मलाही कळवू नकोस. कधी मी सहज म्हणून विचारला, तरी सांगू नकोस.

तुझाच,
कुलूपवाला