दुसरा कान अर्ध्या किमतीत

प्रिय अण्णा,

ही तुमचीच वही आहे. डायनिंग टेबलावरची, लाल पुठ्ठ्याची. मागची बरीच पानं कोरी राहिली होती, तिथूनच सुरुवात करतोय.

काल तुमचं तेरावं झालं. आज सकाळी ऑफिसला निघालो, तर लिफ्टमध्ये फोन वाजला. सीमेपलीकडच्या जोहोर बारूच्या त्या दुकानातला मेसेज. 'गुड न्यूज! अंकलचे दोन्ही कान तयार आहेत. अंकलना घेऊन या. बॅटरी फ्री.' लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं, मी बाहेर न पडता तसाच परत वर आलो. बरं नाही म्हणून ऑफिसला कळवून टाकलं. आता तुमच्या खुर्चीसमोर बसून तुम्हाला लिहितोय. दुसरं कुणाला सांगू? आणि गेले काही महिने तुमच्याशी बोलायची आपली हीच रीत होती ना!

तुमचं जुनं कानाचं मशीन माझ्यामुळे गेलं, हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. तुमचा सदरा वॉशिंग मशीनमध्ये मीच टाकला होता. खिसा तपासला नाही. कपडे वाळत घालताना मेधाच्या हाताला ते लागलं, लख्ख धुतलेलं. ती लगेच म्हणाली, "उद्याच जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये जाऊ आणि नवीन घेऊ. त्यांना अगदीच काही ऐकू येत नाहीये."

तुम्ही समोरच बसला होतात, तरी मी काय म्हणालो ते तुम्हाला कळलं नाही. मी म्हणालो, "वेड लागलंय का तुला? पुलापलीकडे तेच निम्म्यात मिळतं."

अण्णा, मी असाच आहे. चोआ चू कांगच्या आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत माझी हीच ख्याती! टूथपेस्ट घ्यायची तर जेबीहून, म्हणजे जोहोर बारूहून, चष्मा जेबीहून, केससुद्धा तिकडे जाऊन कापायचे. महिन्यातून दोन शनिवार ट्रॉलीची बॅग ओढत क्रांजीच्या बस स्टॉपवर उभं राहायचं. कॉजवेवर, म्हणजे त्या समुद्रावरच्या पुलावर, तासन्‌तास अडकायचं, दोन देशांच्या दोन रांगा लावायच्या, आणि घरी येऊन मेधाला बिल दाखवायचं. तिला एकदा तरी कौतुक वाटलं असेल का, कोण जाणे.

आई गेल्यावर तुम्ही कराडहून इथे आलात. पहिल्यांदा तिकडे नेलं, तेव्हा तुमचं जुनं मशीन शाबूत होतं. तुम्ही साबणाची वडी उलटीपालटी करून पाहिलीत आणि विचारलंत, "विनू, साबण तोच, कंपनी तीच. मग फरक कशाचा?" मी म्हणालो, "पुलाचा." केवढे हसला होतात तुम्ही! कराडच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं कंट्रोल केबिनमध्ये बसून गाड्या पुकारलेला माणूस. वुडलँड्सच्या सीमानाक्यावरची ती बसची रांग पाहून तुमचा जीव वरखाली व्हायचा. "अरे, एवढी माणसं खोळंबलीत, एक जादा गाडी सोडायला काय होतं यांना?" हे तुम्ही इतक्या मोठ्यांदा म्हणायचात की पुढची चिनी म्हातारी दचकून मागे बघायची. मला लाज वाटायची. आता वाटते ती वेगळीच लाज.

मशीन गेलं आणि ही वही आली. आम्ही लिहायचं, तुम्ही वाचून तोंडाने उत्तर द्यायचं. काल सगळे गेल्यावर मी ती पहिल्या पानापासून वाचली. तुमचं एक अक्षर नाही हो तिच्यात! तुम्हाला लिहायची गरजच नव्हती. सगळं माझं. 'जेवून घ्या.' 'गोळी घेतली का?' 'आज उशीर होईल.' 'शनिवारी जाऊ.' 'या शनिवारी नको, पुढच्या.' 'टीव्हीचा आवाज कमी करा.' पानंच्या पानं हेच. एवढ्या महिन्यांत मी बापाशी हे बोललो! मधेमधे इराची वाकडी अक्षरं आहेत, 'आजोबा मी आले', 'आजोबा आज शाळेत मी पडले पण रडले नाही'. अकरा वर्षांची पोर, घरात इंग्रजीशिवाय बोलत नव्हती. तुमच्यासाठी देवनागरी शिकली. तेवढी पानं सोडली तर ही वही फेकून द्यावी अशी आहे.

दुकानात तुम्हाला नेलं तो पहिला दिवस आठवतो? तिथल्या बाईने तुमच्या दोन्ही कानांत हिरवा, कणकेसारखा गोळा भरला आणि साचे घेतले. तुम्ही म्हणालात, "कानात लाडू कोंबताहेत बघ." मग तिने तुम्हाला दाखवायचं म्हणून दुकानातलं तयार मशीन लावून दिलं. दहाच मिनिटं. तुमचा चेहरा असा काही बदलला! तुम्ही वर पंख्याकडे बघितलंत. बाहेर कुणी शटर ओढलं, तिकडे बघितलंत. मग माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "विनू, तुझा आवाज घोगरा झालाय रे. बरं नाही का?"

आणि मी? मी त्या बाईशी बोलत होतो. "अजून किती कमी कराल?" तुम्हाला उत्तरसुद्धा दिलं नाही, हाताने थांबा म्हणून खूण केली. ती म्हणाली, "सर, पुढच्या महिन्यात ऑफर आहे. दुसरा कान अर्ध्या किमतीत." मी म्हणालो, "मग थांबतो." तिने तुमच्या कानातून मशीन काढून घेतलं.

अण्णा, तुम्हाला ऐकू येत होतं अशी ती शेवटची दहा मिनिटं. त्यात तुम्ही माझ्या घशाची चौकशी केलीत. मी घासाघीस केली. गेले तेरा दिवस मी तीच दहा मिनिटं उगाळतोय. सुटका नाही. कसा एवढा कोरडा झालो मी? तुम्ही तर मला असं वाढवलं नव्हतं!

दीड महिन्याने ऑफर लागली आणि आपण चौघे निघालो. सुट्ट्यांची गर्दी होती. इकडचा नाका पार केला, पूल पार केला आणि पलीकडच्या काउंटरवर तुम्हाला अडवलं. पासपोर्टची मुदत नियमाप्रमाणे लागणाऱ्या सहा महिन्यांहून कमी उरली होती. साचे दिले त्या खेपेला ती जेमतेम पुरली होती. मी ऑफरची वाट पाहत बसलो आणि तेवढ्यात मुदत कमी पडली. दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढून पोट भरणारा माणूस मी, आणि बापाच्या पासपोर्टवरची तारीख बघितली नाही! तो अधिकारी तुम्हाला काहीतरी विचारत होता, मोठ्या आवाजात, पुन्हा पुन्हा. तुम्ही हसून मान डोलवत होतात. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. तो तुमच्यावर ओरडला आणि तुम्ही तरी हसतच राहिलात.

मेधा म्हणाली, "चला, सगळेच परत फिरू." मी म्हणालो, "तू अण्णांना आणि इराला घेऊन जा. साचे दुकानात आहेतच, मी ऑर्डर तरी देऊन येतो. आलोच आहोत तर."

आलोच आहोत तर! ऑर्डर द्यायला वीस मिनिटं लागली. उरलेला दिवसभर मी काय केलं, सांगू? डिटर्जंट घेतलं. तेल घेतलं. बुटांना सोल लावून घेतले. मोकळा वेळ मिळाला म्हणून केसही कापले. आणि तुम्ही, ज्या माणसाला रांगेत दोन तास उभं करून परत पाठवलं होतं, ते तुम्ही घरी ताटं मांडून माझी वाट बघत बसला होतात. मी दार उघडलं तेव्हा तुम्ही हात पुढे केलात आणि विचारलंत, "आणलेस?"

मी डिटर्जंटची पिशवी वर करून दाखवली.

तुम्ही पिशवी माझ्या हातातून घेतलीत आणि वॉशिंग मशीनपाशी नेऊन ठेवलीत. मी वहीत लिहिलं, 'तीन आठवडे.' तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "असू दे. मला कुठे आता गाड्या पुकारायच्यात?"

रागावला असतात तर! एकदा तरी! अण्णा, मी तुमच्यावर रागावलोय. का नाही म्हणालात की विनू, मला आत्ता ऐकायचंय? का नाही हट्ट धरलात? इराशी बोलता येत नाही म्हणून तुम्ही खाली बाकावर एकटे बसून राहायचात, ते मेधाने मला नंतर सांगितलं. मला का नाही सांगितलंत? पण सांगितलं असतंत तरी मी वहीत काय लिहिलं असतं ते मला ठाऊक आहे. 'पुढच्या शनिवारी.'

दुसरा आठवडा लागतो न लागतो तोच तुम्ही जेवता जेवता खुर्चीत कलंडलात. हॉस्पिटलात दोन दिवस डोळे मिटून होतात. तिथली नर्स मायाळू होती. म्हणाली, "बोला त्यांच्याशी. ऐकणं सगळ्यात शेवटी जातं." तिला कसं सांगू की यांचं तेच सगळ्यात आधी गेलं? आणि गेलेलं परत आणण्याऐवजी मी ऑफरची वाट बघत बसलो? तरी मी बोललो. तुमच्या कानाला तोंड लावून, ओरडून. पडद्यापलीकडचे लोक डोकावून गेले. वहीसुद्धा नेली होती. तुमच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर मी वही धरून उभा होतो, त्यावर 'माफ करा' लिहून. काय उपयोग? काय उपयोग होता त्याचा?

तुमचा नवा पासपोर्टही आला. दहा वर्षांचा आहे.

मघाशी इरा शाळेतून आली. मी घरी कसा, म्हणून तिने माझा फोन उघडून बघितला. मेसेज तिने वाचला. मी म्हणालो, मी त्यांना कळवतो की आता नको, टाकून द्या. ती माझ्यावर अशी भडकली म्हणून सांगू! "कॅनॉट लाह, पप्पा! दॅट्स आजोबाज इअर्स. यू गो अँड टेक." मग दप्तर तसंच पाठीवर ठेवून रडत बसली. मला तोवर सुचलंच नव्हतं. मंदाईच्या स्मशानात तुम्हाला पोचवून आलो, अस्थी समुद्रात सोडल्या, तुमचं म्हणून काही उरलं नाही असं धरून चाललो होतो. आणि पुलापलीकडे एका दुकानाच्या खणात तुमच्या कानांचा आकार आहे, वळणन्‌वळण. तेवढेच तुम्ही उरलात, आणि तिथे राहिलात, कारण तिथे स्वस्त पडत होतं.

मी जातोय, अण्णा. या शनिवारी. 'पुढच्या' लिहिणार नाही. इरालाही नेतोय. क्रांजीहून बस, दोन्ही नाके, सगळं तसंच. पण ट्रॉलीची बॅग घरी राहील. मोकळ्या हातांनी जाईन. साबण घेणार नाही, तेल घेणार नाही, त्या बाईशी एक शब्दही घासाघीस करणार नाही. मशीन ज्याच्या त्याच्या मापाचं असतं, दुसऱ्या कुणाच्या कानात बसत नाही. नसू दे. परत येताना नाक्यावर कुणी विचारलं, काय आणलंत, तर सांगेन, वडिलांचे कान. हसले तर हसू देत.

आणि हे वचन देतो. घरी आल्यावर ते तुमच्या खुर्चीसमोर टेबलावर ठेवीन, बॅटरी घालून, सुरू करून. आणि त्या दहा मिनिटांत तुमच्याकडे वळून जे बोलायला हवं होतं ते बोलेन, न ओरडता. की अण्णा, घसा जरा बसलाय, बाकी मी बरा आहे. की तुम्ही इथे राहायला आलात म्हणून मला घरी यावंसं वाटतं.

एवढंच होतं. त्याला पुलाच्या दोन्हीकडे काहीच पैसे पडत नव्हते.

तुमचा,
विनू