आतला भडका आतच

अवधपुरी, भोपाळ

दिलीपराव (पुढच्या ओळीपासून नुसता दिलीप) यांस सप्रेम नमस्कार.

पुण्याची हवा गुडघ्यांना मानवली का? मुलाकडे आहेस, म्हणजे खाण्याची आबाळ नसणार. आम्ही दोघं ठीक. अलका तुझी आठवण काढते, विशेषतः पोहे उरले की.

हकीकत आपल्या दिव्याची. मंडीदीपच्या कारखान्यात आपण स्फोटरोधक दिवे तपासायचो, तिथला मला निरोपाला मिळालेला ओतीव दिवा (घण मारला तर घणच रडेल असा) अजून व्हरांड्यात लटकतोय. परवा कॉलनीच्या नव्या सेक्रेटरीने, निखिल त्याचं नाव, दिव्यावरची 'स्फोटरोधक, एक्स डी, टी-सिक्स' ही पाटी वाचली आणि विचारलं, "अंकल, ये फटेगा तो नहीं?" जन्मभर त्या पाटीवर पोट भरलं, खोटं कसं बोलू? म्हटलं, "अंदर फट सकता है, बाहर नहीं आने देगा." दुसरं वाक्य ऐकायला तो थांबलाच नाही. संध्याकाळी कॉलनीभर झालं, काकाजींच्या (म्हणजे माझ्या) घरी बम आहे. वर सल्ला आला, 'टी-सिक्स' काढून 'टी-फोर' लावा, कमी तापेल. (टी म्हणजे तापमानाचा वर्ग, आकडा मोठा तितका दिवा गार, हे समजावताना माझाच टी-वन झाला.)

तू माणसांनाही अशा पाट्या लावायचास, आठवतं? साहेब टी-वन. अलकाला तू 'एक्स डी' दिलं होतंस : भडका आतल्या आत, बाहेर फक्त ताट जरा जोरात आपटणार. ती अजून अभिमानाने सांगते. ते दिवस फार चांगले होते रे.

आता कमिटी म्हणते, दिवा सुरक्षित आहे असं लिहून द्या, नाहीतर रविवारी उतरवा. सही करण्याआधी स्टुलावर चढून पाहिलं, तर झाकणाचा एक बोल्ट गायब. आपलाच नियम, एक बोल्ट नसला की पाटी म्हणजे नुसती नक्षी. मग आठवलं. सुधावहिनी गेल्यावर तू भोपाळ सोडलंस, त्या दिवशी आठवण म्हणून तो काढून खिशात घातलास. डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस.

तुझा,
भालचंद्र

ता. क. बोल्ट कुरियरने पाठवू नकोस. झाकण धरायला दुसरा माणूस लागतो.

ता. क. २ : तसला बोल्ट इथल्या बाजारात मिळतो, हे अलकाने लिहायला लावलं. तरी तूच ये. व्हरांड्यात बसू. आणि तुझ्यावर कुठलीही पाटी नाही, दिलीप. भडका बाहेर आला तरी चालेल, इथे आम्ही दोघंच असतो.