पाखरीचं गजकर्ण

३ डिसेंबर १९३४
पाखरीच्या मानेवर गोल टक्कल! खरारा करताना आमच्या गड्याला, हरिसिंगला, दिसलं. म्हणाला, "गचकरण हाय." बाबांनी लग्नात दिलेली घोडी माझी. मामंजी ओसरीवर कडाडले, "इच्या बापानं रोगट घोडी देल्ली आपल्याले!"
माझ्याशी ते अजून एक शब्द बोललेले नाहीत. काही सांगायचं झालं की ओसरीच्या खांबाला सांगतात. मी दाराआडून ऐकते.

५ डिसेंबर
खांबाला हुकूम झाला— "सांगा त्यायले, घोडीले कोनी हात लावायचा नाही." तिला मागच्या खोपटात बांधलीय. संक्रांतीचा तिळगूळ घेऊन हरिसिंग जऊळक्याला, माझ्या माहेरी, जाणारच आहे. तेव्हा तिलाही परत नेणार.
चुलीशी बसून पोटभर रडले. धूर होताच, सोय झाली.

८ डिसेंबर
ह्यांनी मालेगावहून चोरून गंधक आणला! करंजाच्या तेलात खलून डबी भरली. आता रोज सकाळी मामंजी शेताकडे गेले की मी शेणाचं टोपलं घेऊन खोपटात. तिच्या पाठीवरचा गाशा उन्हात टाकते, तेल चोळते. अंगणातलं शेण एवढं मन लावून कुणी भरलं नसेल.

१३ डिसेंबर
चट्टे वाढलेत. मी मात्र तेल चोळताना गाते. पाखरी कान हलवते, गाणं पसंत असावं.

१७ डिसेंबर
पाखरीच्या तोंडाला गुळाचा वास! मी दिला नव्हता. ह्यांना विचारलं तर म्हणे, "म्या? मले घरात गूळ भेटते कुठी?" तेही खरंच. गुळाची किल्ली आत्याबाईंच्या, माझ्या सासूबाईंच्या, कमरेला.

२४ डिसेंबर
माझ्या मनगटावरच गोल लाल चट्टा. आत्याबाईंनी पाहिला.
"हे कायचं वं?"
"चुलीचा चटका."
"चटका असा गोल?"
त्यांनी माझा हात धरला, बांगड्या ओढून चट्ट्यावर आणल्या आणि भाकरी थापायला बसल्या. अशी सासू सगळ्यांना मिळो!

२ जानेवारी १९३५
मानेवर नवे केस आलेत, मऊ मखमलीसारखे! बोट फिरवत बसले. शेण राहून गेलं.

९ जानेवारी
मामंजींनी तोंडाला उपरणं गुंडाळलंय. जेवतानाही सोडत नाहीत. खांबाला सांगितलं, "दात दुखून राह्यला." मी लवंग पाठवली. आत्याबाई पदरात तोंड घालून हसतात. काहून, ते सांगत नाहीत.

१३ जानेवारी
उद्या जाणार ती. चट्टे जवळजवळ बुजले, पण खांबाचा हुकूम कोण मोडणार? लाडू वळले. पाकात माझंही थोडं पाणी पडलं.

१४ जानेवारी
मामंजी स्वैपाकघराच्या दारात आले. खांब नव्हता तिथे. त्यांनी उपरणं सोडलं— गालावर गोल लाल चट्टा, घोडीच्या मानेला गाल लावून उभं राहिलं तर जिथे उठेल, नेमका तिथेच. गुळाचाही उलगडा झाला.
माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, त्या डबीतलं जरासं मले बी दे."
हरिसिंग तिळगुळाचा डबा घेऊन एकटाच जऊळक्याला गेला.