श्रद्धाच्या मेंदूचा फोटो

तळेगाव दाभाडे

चि. सुहास यास इंदिराताईचे आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यांना वेगळे. तुंगार्लीच्या दमट हवेत ते काय म्हणतात, कळव. सौ. यशोधरेचं कोरफडीचा रस पिण्याचं खूळ अजून टिकून असेल, तर तिलाही आशीर्वाद.

पत्रास कारण, आम्ही नातीला घेऊन पुण्याला मेंदूचे फोटो काढायला गेलो होतो. (श्रद्धाचं तुला ठाऊकच आहे. गेल्या वर्षी पोरगी झोप सोडून दिवसरात्र बोलत सुटली, मग कितीतरी दिवस पांघरुणातून बाहेर आली नाही. डॉक्टरांनी बायपोलर म्हणून सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या. आता सावरली आहे, अकरावीला जाते.) अशा मुलांच्या मेंदूंवर तिथे संशोधन चाललंय, त्यात भाग घ्यायचं तिनेच ठरवलं. खरं तर सूनबाई सारिका तेवढी सोबत जायची होती. पण आमचे हे निघाले, म्हणून मी निघाले, आणि ते कळताच आंबीहून सारिकाचे वडील श्रीपतराव निघाले. आजार कुणाच्या घराण्यातून आला हे फोटोत दिसेल, अशी प्रत्येकाची खात्री होती.

यंत्राच्या खोलीत अंगावर धातू चालत नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. श्रद्धाने दंडावरची ताइताची पेटी सोडली. ती श्रीपतरावांनी बांधलेली. मग बोटातली घोड्याच्या नालेची अंगठी काढली. ती कुणी दिली, असं मी विचारणार, तोच आमचे हे छताकडे पाहू लागले. (जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं या माणसाने.) मला हसू आवरेना. तेवढ्यात तिने कॉलरखालून चांदीचं यंत्र काढलं. ते माझं. यंत्राला यंत्र चालत नाही, असं त्या बाई म्हणाल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

फोटो झाल्यावर ह्यांनी डॉक्टरांना विचारलं, दोष कुठे आहे आणि कुणाकडचा. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण सोशिक. एका फोटोवरून आजारसुद्धा ओळखता येत नाही, म्हणाल्या. पुष्कळ मुलांचे फोटो ताडून पाहिले की बारीकसा फरक हाती लागतो, पुढेमागे कुणाला त्याचा उपयोग व्हावा. घराणं त्यात उमटत नाही. श्रीपतराव लगेच म्हणाले, “आमच्यात असलं काय न्हाई. एक चुलता लय दिस बोलत नव्हता, पर ते शेताच्या बांधाच्या भांडणावरनं.” आता हे आमच्या घराण्याचं सुरू करणार, तर श्रद्धाच म्हणाली, “आजोबा, दोन्ही घरांनी मला काही ना काही बांधलंच होतं. आता वाटण्या कशाला?”

परतताना दोन्ही आजोबा गाडीच्या खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर देहूरोडच्या ट्रकांखेरीज काही नव्हतं.

तुझी,
ताई

ता. क. : तुलनेसाठी त्यांना हा आजार नसलेली मुलंही हवी आहेत. नात्यातल्या झाडून सगळ्या निरोगी मुलांच्या परीक्षा एकदमच लागल्या. आमच्या ह्यांनी स्वतःचं नाव पुढे केलं. वय जास्त म्हटल्यावर दुखावले. तुझा नातू श्रीयश पंधराचा आहे.

ता. क. दुसरा : ‘पोरीचं लागेल’ म्हणून यशोधरा श्रीयशला इकडे पाठवत नाही, हे मला कळलंय. डोक्यातलं काही असं लागत नाही रे. लागत असतं, तर लहानपणी इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपून तू थोडा शहाणा झाला असतास. फोटोचं राहू दे. रविवारी त्याला जेवायला पाठव. श्रद्धा त्याच्याबद्दल विचारायची थांबली आहे.