देवदत्तच्या नावाची पावलं

चारकोप, कांदिवली (प.)
८ जानेवारी २०२५

चि. रेवतीस, नंदकाकाचे अ. आ.

मोबाइल असताना हा म्हातारा पानंच्या पानं का खरडतो, असं तुझ्या मैत्रिणी विचारतात म्हणे. त्यांना सांग, ज्याला शाळेतल्या कविता अजून चालीसकट येतात, त्याला शाईशिवाय सुचत नाही.

तुझे बाबा बरे आहेत. त्यांच्या फोनमधलं तुझं अ‍ॅप चालू आहे. खिशातल्या फोनला पावलाचा धक्का कळतो आणि त्यावरून मनाच्या चढउतारांचा अंदाज बांधता येतो, हे मला पटायला वेळ लागला. पण महिनाभर रोज चार हजार पावलं, आलेखाची रेघ एकदम झकास! डॉ. दर्शना म्हणाल्या, अशीच राहिली तर एकवीस तारखेला देवदत्तची गोळी निम्मी करू. त्या गोळीने त्याचे हात कापतात गं, चहा बशीत सांडतो.

आपण इथे राहायला आलो तेव्हा खाडीलगतच्या खाजणाचा वारा थेट स्वयंपाकघरात शिरायचा. देवदत्त गच्चीवरून ओरडून मला कवितेची पुढची ओळ विचारायचा. सगळा सेक्टर ऐकायचा! काय खणखणीत आवाज होता त्याचा.

माया आहेच, उत्तर धाडून ती ताजी ठेव.

तुझा,
नंदकिशोर काका


बंगळुरू
१४ जानेवारी २०२५

ती. काकांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा बाबांचा आलेख समोरच होता. भौतिकशास्त्रात आम्ही लंबकाचे झोके मोजतो. मनाचेही झोके असतात. तळाला जाण्याआधी माणसाला लहानशा धक्क्यातूनही सावरायला वेळ लागतो, आणि ते त्याच्या चालण्याझोपण्यात दिसतं. मी तेच शोधत होते. दिसलं भलतंच.

सोळा पावलं, थांबा. पुन्हा सोळा पावलं, थांबा. रोज सकाळी सव्वासहाला.

बाबा असे चालत नाहीत. मला बालवाडीत पोचवताना कवितेची ओळ संपली की कोण थबकायचं, ते मला चांगलं आठवतंय. शाळेला उशीर व्हायचा आणि मी तुमचा हात ओढायचे.

फोन तुमच्या खिशात असतो ना? मग बाबा कुठे असतात, काका?

गोळी कमी करू नका, असं डॉक्टरांना फोनवर कळवलंय. त्याचं कारण तुम्ही दोघांनी सांगायचं. मला मात्र पत्रातच लिहा. फोनवर तुम्ही विषय बदलता.

रागासकट तुमचीच,
रेवती


चारकोप
२३ जानेवारी २०२५

चि. रेवतीस, अ. आ.

चुकलो.

पहिल्यांदा मी फोन नेला तो सहज, देवदत्तला उठवत नव्हतं म्हणून. संध्याकाळी रेघ वर गेलेली पाहून तो हसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. म्हणाला, दादा, उद्याही ने ना, पोरगी तिकडे निवांत राहील. मग मी नेतच राहिलो. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला, आणि मी बागेत त्याच्या नावाने चालतोय. शाळेत त्याचा गृहपाठ मीच लिहून द्यायचो. वाटलं, हेही तसंच.

तुझं पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. गोळी निम्मी झाली असती तर, हा विचार तेव्हा कुठे माझ्या मनात आला. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हात पुढे करून म्हणाला, दादा, आण तो फोन इकडे.

मंगळवारी दोघांनी मिळून डॉ. दर्शनांना खरं ते सांगितलं. त्या मला चांगल्याच बोलल्या, बोलू देत. गोळी आहे तशीच आहे. आता दर आठवड्याला बोलावलंय.

फोन त्याच्या लेंग्याच्या खिशात असतो. रेघ पार जमिनीला टेकलीय, पाहून तुझं काळीज हलेल. माझंही हलतं. तरी मी फोनला हात लावत नाही.

रागाव, पण लिहायचं सोडू नकोस. खाली तुझ्या बाबांसाठी जागा ठेवलीय.

तुझा,
नंदकिशोर काका

रेवा,
आज पलंगापासून गॅलरीपर्यंत गेलो आणि परत आलो. अठरा पावलं. तुझ्याकडे पोचली का बघ.
बाबा